चाळीसपैकी आठ

भागीरथाबाई तायडे खुनशी आहेत, असं अकोल्याच्या शिक्षकांमध्ये सगळेच म्हणत. मी सतरा वर्षं त्यांच्या शेजारच्या वर्गात मराठी शिकवलं. मधल्या सुटीत त्यांची ज्वारीची भाकर आणि माझी पोळी आम्ही वाटून खात असू. लोक म्हणत ते खरंच होतं. ती खुन्नस कशापायी होती, एवढंच फार थोड्यांना ठाऊक होतं.

बाई मूळच्या भातकुलीच्या. त्यांचे वडील मोतीराम अमरावतीला एका जिनिंग-प्रेसिंग फॅक्टरीत होते. कापसाची गाठ बांधून झाली की तिच्यावर व्यापाऱ्याचा मार्का मारावा लागतो. त्यासाठी अक्षरं कापलेला पत्रा गाठीवर ठेवून वरून काळी शाई फिरवायची. ते पत्रे कापायचं काम मोतीरामांचं. वाचता येत होतं जेमतेम, पण अक्षर असं कापत की फॅक्टरीचे मालक पत्रा उजेडात धरून पाहत. घरी पोरीला ते जाड कागदावर कापायला शिकवत. 'व' किंवा 'ठ' सरळ कापला तर मधला तुकडा गळून पडतो आणि गाठीवर नुसता काळा ठिपका उमटतो. म्हणून मधे एक बारीक पट्टी न कापता सोडायची. मोतीराम तिला टेका म्हणत.

"अक्षराचं पोट गळून पडते, पोरी. टेका ठेवला का मंग थे कोठी जात नाही."

छप्पन साली मोतीराम नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले आणि आल्या आल्या त्यांनी ठरवलं, पोरगी मास्तरीण होईल. मॅट्रिक झाल्यावर अठ्ठावन साली भागीरथेनं अमरावतीतल्या एका खासगी चित्रशाळेत नाव घातलं. वर्षभराचा अभ्यास, शेवटी परीक्षा, मग ड्रॉइंग मास्तरचं सर्टिफिकेट. वर्गात बावीस जण. त्यात मुली दोनच, ही आणि सुभद्रा.

त्या वर्षी चित्रशाळेचे प्रमुख कुठल्याशा शिक्षक-शिबिरातून एक नवी कल्पना घेऊन आले होते. शेवटचं काम एकट्यानं करायचं नाही, तिघातिघांनी मिळून करायचं. साठ गुण चित्राला, ते तिघांना सारखे. उरलेले चाळीस गुण सहकार्याचे. ते ज्याचे त्याला वेगळे, आणि दोन्हींत पास व्हायला हवं. सहकार्य कोणी किती केलं हे ठरवायचं कसं? प्रमुखांनी सोपी वाट काढली. प्रत्येक गटाचा एक म्होरक्या नेमला. त्यानं लिहून द्यायचं, बाकीच्यांनी खाली सही करायची.

भागीरथेच्या गटात सुभद्रा होती आणि म्होरक्या होता खुशालराव. वरूडकडचा, संत्र्याच्या बागांवाल्या घरातला, उंच, गोड बोलणारा. त्यांना स्टेजवर लावायचा चौदा फुटी पडदा करायचा होता. खुशालरावानं कागदावर कल्पना काढली. कापूस वेचणाऱ्या बाया रांगेनं चालल्यात, कमरेला ओट्या बांधलेल्या, कडेनं बोंडांची किनार. कल्पना चांगली होती, बाई हे कधी नाकारत नसत. पण ब्रशनं कापडावर काढायला गेल्यावर रंग फुटला. एका बाईचा चेहरा पसरून पार ओटीपर्यंत आला. दोन कापडं वाया गेली.

तेव्हा भागीरथा म्हणाली, साचे कापू. जाड कागदाला मेण लावून तिनं एकोणीस साचे कापले, एकेका बाईला तीन-तीन रंगांचे, आणि एक किनारीचा. सहा आठवडे ती आणि सुभद्रा ते कापडावर ठेवून छाप उठवत होत्या. खुशालराव येई, उभ्यानं पाही, कोणी पाहुणे आले की त्यांना समजावून सांगे. समजावून सांगण्यात त्याचा हात कोणी धरला नसता.

एकदाच भांडण झालं. छाप उठला की टेक्याच्या जागी कापडाची कोरी रेघ राहते. खुशालरावाचं म्हणणं, ह्या रेघा चुकीसारख्या दिसतात, ब्रशनं भरून टाक. भागीरथेनं नाही म्हटलं. त्या रेघांनीच बाया चालताना दिसत होत्या, लुगड्याला घडी पडत होती. दोघं तासभर भांडली. शेवटी रेघा राहिल्या.

पडदा हॉलमध्ये लागला. प्रमुखांनी प्रत्येक म्होरक्याला सह्यांचा कागद दिला. खुशालरावानं तो कोराच पुढे केला. "मजकूर मी नीट अक्षरात लिहितो, तुमी सह्या करून ठेवा." दोघींनी केल्या.

निकालात भागीरथेला चित्राचे साठपैकी बावन्न होते आणि सहकार्याचे चाळीसपैकी आठ. पास व्हायला चौदा लागत. खुशालरावाला अडतीस, सुभद्रेला तेहेतीस. भागीरथा प्रमुखांकडे गेली. त्यांनी कागद काढून तिच्यासमोर धरला. त्यावरची वाक्यं तिला जन्मभर पाठ राहिली. मला त्यांनी ती निदान वीस वेळा म्हणून दाखवली असतील, दर वेळी अक्षर न चुकता: "कु. भागीरथा तायडे यांनी रंग कालवणे, ब्रश धुणे ही कामे केली. सूचना स्वीकारण्याची वृत्ती नाही. वाद घालतात."

"सर, साचे मी कापले. एकोणीसच्या एकोणीस."

"खाली सही तुझीच आहे ना?"

"कागद कोरा होता, सर."

"कोऱ्या कागदावर सही करणारी उद्या शाळेत काय शिकवणार?" प्रमुखांनी कागद परत फायलीत ठेवला.

खुशालराव तिला व्हरांड्यात भेटला. त्याला यात काही वावगं वाटतच नव्हतं. "साचा कापणं म्हंजे चित्र नोहे, भागीरथा. कल्पना माही होती. कापाकापी तं तुह्या बापाचंच काम व्हय. त्याचे गुण कोणी देते का?"

सुभद्रेनं मान वर केली नाही. "माहं लग्न जुळून राह्यलं. खुशालरावाच्या चुलतभावाशी. मले काही बोलता येत नाही, बाई."

घरी कळल्यावर मोतीराम दुसऱ्या दिवशी पाळी संपवून तसेच चित्रशाळेत गेले. कोपरापर्यंत हात शाईनं काळे. हॉलमध्ये पडदा होता. ते त्याच्याजवळ गेले, एका बाईच्या कमरेजवळच्या कोऱ्या रेघेवर बोट ठेवलं आणि तिथं उभ्या असलेल्या प्रमुखांना म्हणाले, "हा टेका माह्या पोरीचा व्हय, साहेब. असा मी तिले शिकवला. दुसऱ्या कोणाले येत नाही."

प्रमुखांनी शिपायाला हाक मारली. "याला बाहेर काढ. कापडाला हात लावून राहिला." शिपायानं दंडाला धरून बाहेर नेलं. भागीरथा जिन्यात उभी होती. बापानं बाहेरच्या नळावर हात धुतले, पुन्हा धुतले. शाई काही निघाली नाही. "हातच काये होते नं माहे," ते तिला म्हणाले, "म्हणून."

आठ गुणांचं मी विसरले असते, असं बाई मला म्हणाल्या होत्या. नळावरचं नाही विसरता आलं.

तो पडदा पुढे नागपूरच्या एका प्रदर्शनात गेला आणि त्याला चांदीचं पदक मिळालं. नाव एकट्या खुशालरावाचं. भागीरथा पुढच्या वर्षी एकटीनं पुन्हा बसली, पास झाली आणि साठ साली अकोल्याला मुलींच्या शाळेत आमच्याकडे आली. बासष्टला मोतीराम गेले. लग्नाचं कोणी काढलं की बाई विषय बदलत.

खुशालराव अकोल्यातच आला, हा योगायोग. चौसष्ट साली त्यानं जठारपेठेकडे स्वतःचा कलावर्ग काढला. दारावरच्या पाटीवर नावाखाली 'रौप्यपदक विजेते' असं लिहिलं होतं. बाई दर रविवारी त्या पाटीवरून जात. त्यांचा बाजार दुसरीकडे होता. मी एकदा विचारलं, इतकं लांबून काहून येता?

"पाह्यते. माणूस जाग्यावर आहे नं, थे."

त्याच वर्षी बाईंनी आमच्या शाळेत एक पद्धत बसवली. मुलींना चौघीचौघींचं काम द्यायच्या. भिंतीवरचं चित्र, गॅदरिंगचा देखावा, काहीही. काम झालं की एकेकीला एकटीला आत बोलवायचं आणि विचारायचं, बाकीच्या तिघींनी काय काय केलं? स्वतःचं सांगायचंच नाही. मग प्रत्येकीनं आपला भाग पंधरा मिनिटं समोर बसून पुन्हा करून दाखवायचा. रंग कालवला म्हणणारीनं तोच रंग कालवायचा. भांडण झालं असेल तर कशावरून झालं ते सांगायचं. या सगळ्याचे गुण चाळीसपैकीच. कामावरून भांडल्याचे गुण कापले जात नसत, वाढत. बाई म्हणायच्या, ज्याले कामाची पर्वा असते थोच भांडते. गप्प बसणारे दोन प्रकारचे असतात, काम न करणारे आणि भ्यालेले. दोघांले वेगवेगळं ओळखता आलं पायजे.

मुली आधी घाबरल्या, नंतर त्यांना ते आवडायला लागलं. जी पोरगी कधी तोंड उघडत नसे तिच्याबद्दल तिघी जणी सांगायच्या, बाई, आभाळ हिनं केलं. पद्धतीचा बोलबाला झाला. इतर शाळांचे मास्तर पाहायला आले. सहासष्टला जिल्ह्याच्या शिक्षकसभेत बाईंना बोलायला उभं केलं. शिक्षणाधिकारी साहेबांनी टिपणं घेतली. मला वाटायचं, काय हा शिकवण्याचा ध्यास. फार उशिरा माझ्या लक्षात आलं की बाई सापळा लावत होत्या, आणि एका माणसासाठी त्यांनी तो तीन वर्षं घासूनपुसून ठेवला होता.

सदुसष्टच्या फेब्रुवारीत खुशालरावानं आपल्या वर्गाला सरकारी मान्यता मिळावी म्हणून अर्ज केला. मान्यता मिळाली की तिथली मुलं त्याच वर्षी सर्टिफिकेटच्या परीक्षेला बसू शकणार होती. तपासणीला तिघांची समिती नेमली. शिक्षणाधिकारी साहेब, एक हेडमास्तर आणि चित्रकलेच्या जाणकार म्हणून भागीरथाबाई तायडे. अहवाल लिहून घ्यायला अक्षर बरं म्हणून मला सोबत घेतलं.

जायच्या आधी मी म्हटलं, "बाई, तुमची त्यांची जुनी ओळख आहे, हे साहेबांना सांगायला पाहिजे."

"त्यानं सांगितलं होतं कोणाले?" बाई पदर खोचत म्हणाल्या. पुढे मीही बोलले नाही. त्यात माझाही दोष आहेच.

खुशालरावाच्या हॉलमध्ये सोळा मुलंमुली भिंतीला पाठ लावून उभी होती. समोर त्यांनी मिळून केलेला मोठा लाकडी पडदा, आठ फळ्यांचा, वर रंगकाम. आणि मधोमध भिंतीवर तो जुना चौदा फुटी कापडी पडदा. रंग उतरला होता, पण बाया अजून चालत होत्या. मी तो पहिल्यांदाच पाहिला.

"अरे, भागीरथाबाई," खुशालराव हसून पुढे आला. केस विरळ झाले होते. "साहेब, आमी एकाच वर्गातले. काय दिवस होते." त्याला खरोखर काहीच आठवत नव्हतं, किंवा आठवण्यासारखं काही वाटत नव्हतं. मला वाटतं, त्यानं थोडी जरी मान खाली घातली असती तर पुढचं निराळं झालं असतं.

मुलांची तपासणी बाईंच्या पद्धतीनं झाली. सोळांपैकी पंधरा जणांनी एकाच मुलीचं नाव घेतलं, जमुनाचं. बाळापूरकडची, विशीतली, हाताला रंगाचे डाग. फळ्यांवरची झाडं, माणसं, गुरं तिची. बाकीच्यांनी जमीन आणि आकाश भरलं होतं. जमुनानं समोर बसून पंधरा मिनिटांत बैल काढला. साहेब खुश झाले. बाईही म्हणाल्या, "चांगलं आहे."

मग बाईंनी अर्जाचा कागद उचलला. "साहेब, वर्गप्रमुखाचं स्वतःचं काम म्हणून इथं हा कापडी पडदा लिहिला आहे. मुलांना करून दाखवायला लावलं. नियम सगळ्यांना सारखा असावा."

साहेबांना त्यात गंमत वाटली. "बरोबर आहे. होऊन जाऊ द्या, खुशालराव."

बाईंनी पिशवीतून मेणाचा कागद आणि चाकू काढला. म्हणजे घरून निघतानाच त्या घेऊन निघाल्या होत्या. "जास्त नाही. त्यातली एक बाई कापा. पहिलीच. कमरेवर हात ठेवलेली."

खुशालराव बसला. आकृती छान काढली त्यानं, झरझर. मग कापायला लागला. हात आणि कंबर यांच्या मधला तुकडा पहिल्यांदा गळून पडला. त्यानं तो परत बसवून पाहिला. मग गळ्याशी आला, माळ कापली, आणि बाईचं मुंडकं सुटून फरशीवर पडलं. एक मुलगा हसला आणि लगेच गप्प झाला.

"सवय राहिली नाही," खुशालराव म्हणाला.

"खरं आहे. कापू नका मग. टेके कोठी ठेवायचे एवढं बोटानं दाखवा."

"काय ठेवायचं?"

त्याला तो शब्दच ठाऊक नव्हता. बाईंनी समजावून सांगितलं, एखाद्या पाचवीतल्या मुलीला सांगावं तसं. तो पडद्याशी गेला, बोट इकडे नेलं, तिकडे नेलं, आणि हात खाली घेतला.

साहेबांचं हसू गेलं होतं. "मग हे कापलं कोणी?"

मला वाटलं, आता बाई सांगतील. नाही. त्या हात बांधून उभ्या राहिल्या आणि त्याच्या तोंडाकडे पाहत राहिल्या. रस्त्यावरून सायकली गेल्याच्या घंटा ऐकू येत होत्या. सोळा मुलं पाहत होती. अखेर खुशालराव फरशीकडे पाहून म्हणाला, "भागीरथाबाईंनी."

"लिहून द्या," बाई म्हणाल्या.

त्यानं लिहायला घेतलं. 'सदर पडद्याचे सर्व साचे कु. भागीरथा तायडे यांनी कापले.' मग थांबला आणि आपली थोडी बाजू राखावी म्हणून पुढे लिहायला लागला, 'मी कल्पना दिली व रंग कालवणे...' बाई मागे उभ्या राहून वाचत होत्या.

"रंग नव्हते कालवले तुमी," त्या शांतपणे म्हणाल्या. "थे खोडा. खोटं होईल."

त्यानं खोडलं. बाईंनी सही घेतली, तारीख घालायला लावली. कागद वाळेपर्यंत धरून उभ्या राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावर मी इतका आनंद त्यापूर्वी पाहिला नव्हता, नंतरही नाही.

मान्यता नाकारली गेली. हेडमास्तरांचं म्हणणं होतं, प्रमुखाचं खोटं वेगळं आणि मुलांचं काम वेगळं, या वर्षापुरती परवानगी द्यावी. साहेबही वळत होते. बाई अडून बसल्या. ज्याला कोणी काय केलं हे माहीत नसतं, त्याच्या हाताखाली मुलांना गुण कसे देणार? त्यांचा मुद्दा खोडता येण्यासारखा नव्हता. अहवाल मीच लिहिला, तिघांनी सह्या केल्या.

आठवड्यानं जमुना आमच्या शाळेत आली. मधली सुटी होती. उभ्या उभ्याच बोलली.

"माह्या कामाले तुमी चांगलं म्हटलं होतं, बाई. मंग माहं वर्स काहून गेलं?"

"तुह्या सरानं घालवलं."

"सही तुमची आहे."

बाईंनी हातातली भाकर डब्यात परत ठेवली. म्हणाल्या, अमरावतीच्या वर्गाला चिठ्ठी देते, तिथं बस. जमुना म्हणाली, "अमरावतीले राहाचं कोठी? वर्सभर घरच्यायनं मले इथं कसं येऊ दिलं थे माहं मले माहीत." चिठ्ठी न घेताच गेली.

त्या संध्याकाळी मी बाईंना विचारलं, वाईट वाटतं का.

"पोरीचं वाटते. त्याचं नाही."

पण तेवढ्यावर थांबतील तर त्या भागीरथाबाई कसल्या. त्यांनी खुशालरावाच्या कागदाच्या हातानं नकला केल्या. एक चित्रशाळेच्या जुन्या प्रमुखांना पाठवली. त्यांच्या सुनेचं पोस्टकार्ड आलं की मामंजींना अर्धांगाचा झटका आला आहे, ते अक्षर ओळखत नाहीत. बाईंनी दुसरी नक्कल पाठवली, वर लिहिलं, 'वाचून दाखवावे.' मे महिन्याच्या सुटीत त्या वरूडला सुभद्रेच्या घरी गेल्या. मीही सोबत होते. ओसरीवर बसून त्यांनी तो कागद मोठ्यानं वाचला. सुभद्रा भिंतीला टेकून ऐकत होती. मग म्हणाली, "मले तवाच माहीत होतं नं." निघताना तिनं संत्र्यांची टोपली दिली. बाईंनी घेतली आणि मोटार स्टँडवर बाकाखाली ठेवून दिली. गाडीत बसल्यावर म्हणाल्या, "नाही घेतली असती तं तिले वाटलं असतं मी रागावली. मले तिच्यावर रागसुद्धा खर्च कराचा नाही."

निकाल बदलून मिळावा म्हणून त्यांनी अर्जही केला. आठ वर्षांनंतर गुण बदलता येत नाहीत, असं उत्तर आलं. आठ ते आठच राहिले. खुशालराव पाटी उतरवून वरूडकडे बागा पाहायला निघून गेला. त्याला वर्गातल्या मुलांनी नंतर चाळीसपैकी शून्य असं नाव ठेवलं होतं म्हणे. हे कळल्यावर बाईंनी मला शाळेत सगळ्यांसमोर पेढा दिला. लोक खुनशी म्हणायला लागले ते तेव्हापासून.

जमुना खचली नाही. घरी बसून तिनं दोन वर्षं तयारी केली, एकोणसत्तरला बाहेरून परीक्षेला बसली आणि पास झाली. तिला मूर्तिजापूरच्या बाजूला नोकरी लागली. त्या वर्षीच्या शिक्षकसभेत ती आमच्या पुढच्या रांगेत होती. बाईंनी तिला हाक मारली. तिनं वळून पाहिलं, ओळखलं, आणि नमस्कार न करता मान परत पुढे केली. सभा संपेपर्यंत वळली नाही.

बाई मात्र तिच्या पाठीकडे पाहत होत्या, रागानं नाही.

"पोट्टी माह्यावर खुन्नस धरून आहे," त्या माझ्या कानाशी म्हणाल्या. "धरू दे. तिचा हक्क आहे."